बावीस हजारांत एक चूक

वयाचा विषय निघाला की आमचे हे हमखास एकच प्रश्न विचारतात, "पूर्ण की चालू?" माझ्या मावसबहिणीने कौतुकाने सांगितलं, नातू पाच वर्षांचा झाला. ह्यांनी लगेच विचारलं, पूर्ण की चालू? ती बिचारी बोटं मोजत बसली. माझे वडील ह्यांना पहिल्यांदा भेटले, तेव्हा "मुलगी चोवीस वर्षांची आहे" म्हणाले, तर त्यांनाही हेच. वडील नंतर मला म्हणाले, "माणूस बरा दिसतो, पण जन्मनोंदणी कार्यालयात असल्यासारखा बोलतो."

कार्यालय जन्माचं नव्हतं. हे एका वर्तमानपत्रात निधनाच्या जाहिराती टाइप करायचे. एकतीस वर्षं. पद कंपोझरचं, जागा खालच्या मजल्यावर, काचेतून हात जाईल एवढी खिडकी. लोक चिठ्ठी घेऊन यायचे. कुणाच्या चपला दोन वेगळ्या जोडांतल्या, कुणाचे डोळे सुजलेले, कुणी मोबाइलवर जोरजोरात तिसऱ्यालाच बातमी देत असलेला. हे मान वर न करता तीन गोष्टी विचारायचे. नाव नीट लिहा, ऱ्हस्व-दीर्घ बघून. वय पूर्ण की चालू. मागे कोण कोण आहे. मग कळा वाजायला लागायच्या. एकदा एक बाई भडकल्या होत्या, "अहो, तुम्हाला काळीज आहे की नाही?" हे म्हणाले, "आहे, पण आता नावात चूक झाली तर उद्या तुम्हीच रडाल." घरी येऊन त्यांनी मला हा प्रसंग जसाच्या तसा सांगितला आणि ताटातली कोशिंबीर पुन्हा मागून घेतली.

ऑफिसात ह्यांना सगळे "विसर्ग" म्हणत. त्याचं कारण असं की एका उपसंपादकाने "दुखद निधन" असं पास केलं होतं आणि हे तीन मजले चढून त्याच्याशी भांडायला गेले होते. "विसर्ग काढलात तर नुसतं दुखतं, साहेब. दुःख होत नाही." तेव्हापासून नाव पडलं. फोन आला तरी पलीकडून "विसर्ग आहेत का?" मुलगी लहान असताना एकदा म्हणाली, "राँग नंबर, इथे माझे बाबा राहतात."

मुलीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. तिच्या हृदयाची एक झडप जन्मापासून नीट मिटत नाही. नऊ वर्षांची असताना एक ऑपरेशन झालं. तेव्हापासून ती जिना चढली की मी पायऱ्या मोजते. बाविसाव्या पायरीवर तिला थांबावं लागतं, हे मला झोपेतसुद्धा माहीत असतं. हे मात्र वर्तमानपत्र वाचत म्हणायचे, "येईल हळूहळू. पळायची शर्यत आहे का?" चौदा वर्षं मी भीत आले आणि चौदा वर्षं हे जेवून हात धुऊन आडवे झाले की पाच मिनिटांत घोरत आले. खोटं कशाला बोलू, ह्या घोरण्याचा मला राग यायचा. वाटायचं, एवढी माणसं रोज बोटांखालून जातात, ह्यांना आता आपलं माणूसही तसंच वाटत असेल.

ह्या वर्षाच्या सुरुवातीला डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, झडप बदलायला हवी, आणि वर्षअखेरीच्या आत. दुसरं ऑपरेशन आहे, पहिल्यापेक्षा अवघड आहे, हेही सांगितलं. मुलगी "बघू" म्हणाली. महिने जायला लागले, ती "बघू"च म्हणत राहिली. मी रडले, ओरडले, अबोला धरला. ती एकदा शांतपणे म्हणाली, "आई, तू घाबरलीस तर मला काही वाटत नाही. तू लिफ्टलाही घाबरतेस. बाबा घाबरले की मी घाबरेन. ते म्हणतात ना, घाई नाही." ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तिचा निर्णय आहे. होईल सगळं नीट." आणि कोशिंबीर.

म्हणजे त्या घरात मी एकटी घाबरलेली होते, असं मला वाटायचं.

कॉम्प्युटरचं प्रकरण ह्याच काळातलं. ऑफिसने खिडकी बंद केली त्याला दोन वर्षं झाली. आता मजकूर फोनवर येतो, हे घरीच मागच्या खोलीत टाइप करून पाठवतात. त्या खोलीत एक टेबल, एक खुर्ची, एक उंच स्टूल, कपाटावर जुन्या अंकांचे गठ्ठे आणि ऑफिसातून जुन्या फाइलींसकट घरी आणलेला बारा वर्षांचा एक कॉम्प्युटर, जो सुरू होताना खोकतो. त्यातली सिस्टीम बनवणाऱ्या कंपनीने तिची दुरुस्ती करणं थांबवलं होतं. रोज सकाळी पडद्यावर सूचना यायची की ही सिस्टीम आता सुरक्षित नाही. हे ती सूचना बंद करायचे. "रोज मरतो मरतो म्हणतो, मरत काही नाही."

पण एक दिवस तो मजकूर पाठवताना मध्येच गपकन बंद पडला आणि एका घरचा माणूस दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापायचा राहून गेला. ह्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मुलगी एका ग्रंथालयात पुस्तकांच्या नोंदी करते, तिथे कॉम्प्युटरवर मोफत मिळणारी सिस्टीम आहे. ती म्हणाली, "बाबा, मी रविवारी तीच बसवून देते."

"फुकट? आणि पोटात काय असतं तिच्या?"

"जगभरातले लोक मिळून लिहितात. आत काय आहे ते कुणीही उघडून बघावं. चूक दिसली तर दाखवावी, दुरुस्त करावी."

"आणि दाखवलेली चूक ते मान्य करतात?"

"करतात."

"मग आमच्या ऑफिसपेक्षा बरं आहे. बसव."

रविवारी सकाळी तिने आधी सगळ्या फाइली एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतल्या. ती डिस्क हे शर्टाच्या खिशात घालून वरून हात धरून बसले होते, जणू निसटून जाईल. पेनड्राइव्ह लावला, पडद्यावर विचारलं, भाषा कोणती? मुलीने मराठी निवडली. हे पुढे सरकले. मग पडद्याने विचारलं, आधीचं सगळं पुसायचं का? मुलगी ह्यांच्याकडे वळली. "पूस," हे म्हणाले, पण खिशावरचा हात घट्ट झाला. अर्ध्या तासात नवा पडदा आला. स्वच्छ, निळसर, उजव्या कोपऱ्यात मराठीत वार आणि तारीख. कॉम्प्युटर खोकला नाही. मला उगाच बरं वाटलं.

मग जुन्या फाइली परत आत घातल्या आणि पहिलीच उघडली, तर नुसता चिखल. इंग्रजी अक्षरं, कंस, टक्के, उद्गारचिन्हं. मी म्हटलं, "गेलं सगळं!"

"काही गेलेलं नाही," मुलगी म्हणाली. "बाबांचा जुना फॉन्ट म्हणजे वेशांतर होतं. आत इंग्रजी अक्षरं, वरून मराठीचा मुखवटा. मुखवटा इथे नाही, म्हणून खरं तोंड दिसतंय."

ह्यांनी खुर्ची ओढली, कळफलकावर न दाबता नुसती बोटं ठेवली, पडद्यावरच्या चिखलाकडे पाहत एकेक बोट हलवलं आणि वाचून दाखवलं, "कळविण्यास... अत्यंत... वाईट वाटते की..." सगळी ओळ. बोटांनाच ती अक्षरं पाठ होती. मुलीने टाळ्या वाजवल्या. मीही हसले. त्या दिवशीचं ते माझं शेवटचं हसू.

मुलीने एक रूपांतराचा प्रोग्रॅम आणून ठेवला होता. त्याने सगळ्या फाइली खऱ्या मराठीत केल्या. बावीस हजारांवर जाहिराती. "आता काहीही शोधता येईल," ती म्हणाली. "पूर्वी नाव टाकून काही सापडायचं नाही ना? आता बघा." चाचणी म्हणून तिने टाकलं, दुःखद. उत्तर आलं, एकही नाही.

"बाबा, तुमच्या अख्ख्या कॉम्प्युटरमध्ये एकही दुःखद निधन झालेलं नाही!"

ह्यांचा चेहरा पडला. शोधल्यावर कारण कळलं. जुन्या फॉन्टमध्ये विसर्गाची कळ आडवाटेला होती, म्हणून हे पहिल्या दिवसापासून त्याऐवजी कोलन दाबत आले होते. कागदावर दोन्ही सारखेच, दोन टिंबं. पण आत एकतीस वर्षं विसर्गाच्या जागी कोलनच होता. मुलीला हसू आवरेना. "विसर्गसाहेब! ज्याच्यासाठी तीन मजले चढलात, तो एकदाही लिहिला नाहीत!"

"दिसायला बरोबर होतं ना?" हे खजील होऊन म्हणाले.

"थांबा, आत्ता करते." तिने एक आज्ञा लिहिली, सगळे कोलन विसर्ग झाले. मग तिच्यातली ग्रंथालयवाली जागी झाली. "आता उरलंसुरलं बघते. ज्यात कोलनही नाही, विसर्गही नाही, नुसतं 'दुखद' असं काही आहे का."

हे म्हणाले, "राहू दे आता. जेवायला चला."

ते जेवायचं मी बोलावण्याआधी कधी काढत नाहीत, हे मला नंतर आठवलं.

"एक सापडलं!" मुलगी ओरडली. "बावीस हजारांत एक! सापडली, विसर्गांची चूक सापडली!" तिने आधी चूक दुरुस्त केली, जतन केली, आणि मग कुणाची जाहिरात आहे ते बघायला फाइल उघडली. फाइलचं नाव होतं 'गॅस पावती'.

मी तिच्या मागे उभी होते. आधी मला तिचं नाव दिसलं. मग आमचं आडनाव. मग, दुःखद निधन. वय वर्षे २३ पूर्ण. हट्टी, वाचनाची आवड असलेली. पश्चात आई व वडील. तारखेची जागा रिकामी.

तिला तेवीस पूर्ण होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

ती उठली, स्टूल जागच्या जागी ठेवलं आणि आपल्या खोलीत गेली. कडी लागल्याचा आवाज आला. मी ह्यांच्याकडे वळले, आणि माझ्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहिणार नाही. चौदा वर्षांचं साचलेलं होतं. पण ह्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ते स्टुलावर बसून त्या ओळीवर झुकले होते.

"पुसून टाका ते आधी!" मी म्हटलं.

"सगळं नाही," ते म्हणाले. "नुसता विसर्ग."

त्यांनी डिलीटची कळ दाबली. जुन्या फॉन्टमध्ये प्रत्येक खूण वेगळी असायची, काना वेगळा, टिंब वेगळं. नव्यात तसं नाही, ह्या कळेने अख्खं अक्षर उडतं. 'दुः' पूर्ण गेला. पडद्यावर राहिलं, 'खद निधन'. त्यांनी द शोधला, दुसरंच काही उमटलं. पुसलं, पुन्हा दाबलं, पुन्हा भलतंच. नवा कळफलक त्यांच्या बोटांना ओळखत नव्हता. आणि तेव्हा मी पाहिलं की त्यांचे हात थरथरताहेत. दोन्ही. एका हाताने दुसरा धरला तर तो पहिल्यालाही हलवत होता. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पूर्ण, हे हात मी असे कधी पाहिले नव्हते.

त्यांनी हाक मारली. तिचं नाव घेऊन, मोठ्याने, दोनदा. कडी निघाली. ती दारात येऊन उभी राहिली, डोळे लाल.

"काय हवंय?"

"दु लिहून दे."

"काय?"

"दु. नुसता दु. विसर्गाशिवाय."

"बाबा, तुम्हाला कळतंय का मी आत्ता काय वाचलं?"

"आधी लिहून दे. मग बोल काय बोलायचं ते."

ती आली, उभ्या उभ्या दोन कळा दाबल्या. दुखद. ह्यांनी लांब श्वास सोडला आणि तिथेच, पडद्याकडे बघत बोलायला लागले. एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं.

तिचं पहिलं ऑपरेशन चालू होतं तेव्हा हे ऑफिसात गेले होते. मला तेव्हा वाटलं, कसला हा बाप. तिथे बसून ह्यांनी ही जाहिरात टाइप केली. कंपोझर लोकांत एक समजूत आहे, तयार ठेवलेला मजकूर लागत नाही. एका पुढाऱ्याचा मजकूर ऑफिसने तयार ठेवला होता, तो पुढारी पुढे एकवीस वर्षं हिंडला. टाइप करणाराच आधी गेला. दुसरी गोष्ट, प्रूफात चूक असेपर्यंत मजकूर छपाईला जात नाही, हा तर नियमच आहे. म्हणून ह्यांनी जाणूनबुजून एक चूक ठेवली. आपल्या हातून कधीच होणार नाही अशी.

"आणि दर वर्षी वय बदलायचात?" तिने विचारलं.

"वय चुकीचं ठेवून चाललं नसतं. एका मजकुरात एकच चूक हवी. दोन असल्या की लोक दोन्ही शोधतात."

"म्हणजे चौदा वर्षं मी एका शुद्धलेखनाच्या चुकीवर जगतेय."

"तसं नाही..."

"आणि मी मघाशी ती दुरुस्त केली."

हे खाली बघत राहिले. तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं, ते अजून थांबले नव्हते. मला वाटलं ती आता रडेल, किंवा ओरडेल. मी तयार होते दोन्हीला.

"म्हणजे तुम्ही घाबरता," ती म्हणाली.

"हो."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"घोरता कसे मग?"

"सवयीने," हे म्हणाले. खरंच तसं म्हणाले. मी तेव्हा हसले नाही.

त्यानंतर आठवडाभर ती आमच्याशी धड बोलली नाही. कामावर जायची, यायची, बाविसाव्या पायरीवर थांबायची. ह्यांच्या कळफलकाची जुनी मांडणी मात्र तिने न सांगता बसवून दिली आणि शेजारी कागद चिकटवला, 'विसर्ग इथे', बाण काढून. ह्यांच्या जाहिराती पुन्हा वेळेवर जायला लागल्या. घरात कळांचा आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हतं. मला पूर्वी ह्यांचा शांतपणा सोसवत नव्हता, आता तो गेल्यावर आधारच उरला नाही. ताटातली कोशिंबीर तशीच राहायची.

आठव्या दिवशी ती चहा घेता घेता म्हणाली, "तारीख घ्या."

मी कप खाली ठेवला.

"दर वर्षी वय बदलत बसायचं किती? एकदाच काय ते होऊ दे." मग ह्यांना म्हणाली, "आणि सगळ्यांना मनमिळाऊ, मलाच हट्टी का?"

"खोटं छापत नाही मी," हे म्हणाले, आणि उठून खोलीत गेले.

डॉक्टरांनी धोका पुन्हा समजावून सांगितला, आकड्यांत. तिने सही केली. हे बाहेरच्या बाकावर बसून होते, आत आलेच नाहीत. आज दुपारी तिला दाखल केलं. पलंगावर बसून ती मला सूचना देत होती, पुस्तकं कुठे परत करायची, कुणाला फोन करायचा नाही. निघताना तिने विचारलं, "बाबांचा कॉम्प्युटर नीट चालतोय ना? आपोआप सुधारणा होतात त्यात, घाबरू नका म्हणावं." उद्या सकाळी सात वाजता तिला आत नेतील.

तिचं ते आपोआप सुधारणांचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. घरी आल्या आल्या मी मागच्या खोलीत गेले. मी कॉम्प्युटरला सहसा हात लावत नाही, पण फाइलचं नाव लक्षात होतं. गॅस पावती. उघडली. दुखद. विसर्ग नव्हता. शब्दाखाली नागमोडी लाल रेघ होती, ह्या नव्या सिस्टीमला चूक दिसते आणि ती रेघ मारून दाखवते, पण स्वतःहून काही करत नाही. मी रेघेवर बोट ठेवून पाहिलं. मग बंद करायला गेले तर पडद्यावर प्रश्न आला, बदल जतन करायचे का? मी काही बदललं होतं का? माझा हात कुठे लागला होता का?

"अहो!"

हे आले. त्यांनी प्रश्न वाचला. "काही दाबलंस?"

"नाही हो. नुसतं बघितलं."

"मग 'जतन करू नका' दाब."

मी दाबलं. फाइल बंद झाली. दोघंही तिथेच उभे राहिलो. मग ह्यांनी स्टूल ओढलं, ती पुन्हा उघडली, आणि आम्ही दोघांनी पुन्हा एकदा वाचून बघितलं.